कापूस, कापड आणि स्वातंत्र्य
(इतवारी पेठेवरून नवस्वतंत्र राष्ट्रांच्या अर्थकारणाचा विचार)

नागपुरांतील इतवारी पेठेचें नांव ‘आदित्यवार’ या संस्कृत शब्दापासून आलेलें आहे. आदित्यवाराचा आइतवार, आइतवाराचा इतवार आणि इतवारची ती इतवारी, अशी ही शब्दाची वाट सरळ आहे. पेठेंत विकावयास असलेल्या जिनसांची वाट मात्र इतकी सरळ सांगतां येत नाहीं. आम्ही शाळेंत शिकवीत असतां वरच्या वर्गांतील मुलांस वर्षारंभीं एक प्रश्न घालीत असूं : आपल्या अंगावरील सदऱ्याचा कापूस कोठें पिकला, त्याचें सूत कोठें कातलें गेलें, कापड कोठें विणलें गेलें, आणि ह्या प्रत्येक ठिकाणीं भाव कोणी ठरविला? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें मुलें घरीं विचारून, दुकानदारास गांठून कशींबशीं आणीत. चौथ्याचें उत्तर बहुधा कोणीच आणीत नसे. एका वर्षीं एका कोष्ट्याच्या मुलानें मात्र उत्तर आणलें. “भाव आम्ही ठरवीत नाहीं, एवढें वडिलांस ठाऊक आहे,” असें तो म्हणाला. त्या उत्तराचा विस्तार म्हणजेच प्रस्तुत लेख होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया व आफ्रिका या खंडांत अनेक राष्ट्रें स्वतंत्र झालीं. भारत १९४७ सालीं, घाना १९५७ सालीं, माली, चाड, अपर व्होल्टा (आजचें बुर्किना फासो) व डाहोमी (आजचें बेनिन) हीं चार १९६० सालीं, बांगलादेश १९७१ सालीं. प्रत्येक ठिकाणीं ध्वज बदलला, नवी राज्यव्यवस्था आली, नाण्यांवरील छाप बदलला. परंतु बंदरांतून बाहेर जाणारा माल आणि आंत येणारा माल यांची यादी बदलावयास कित्येक दशकें लागलीं. कांहीं ठिकाणीं ती अद्यापि बदललेली नाहीं. असें कां व्हावें? आमच्या मतें राजसत्ता एका दिवसांत हस्तांतरित होऊं शकते, पण मालाच्या साखळींतील स्थान तसें हस्तांतरित होत नाहीं. तें मिळवावें लागतें, आणि तें मिळविण्याचे नियम बहुधा आधीं पुढें गेलेल्यांनीं केलेले असतात. हें विधान आम्ही नागपूर व वऱ्हाड यांच्या कापसावरून तपासून पाहणार आहों, आणि अवश्य तेथें इतर देशांचे दाखले घेणार आहों.

१. स्थान कसें घडलें

भोसल्यांचें नागपूर राज्य १८५४ सालीं खालसा झालें. वऱ्हाड त्याच्या आदल्याच वर्षीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें होतें. त्या काळीं नागपूर, उमरेड व पवनी येथील कोष्टी विणकरांचें रेशीमकांठी बारीक कापड नांवाजलेलें होतें, आणि हिंगणघाटच्या बनी कापसाचीहि ख्याति होती. म्हणजे कापूस आणि कापड हीं दोन्ही एकाच प्रदेशांत शेजारीं शेजारीं नांदत होतीं. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें. त्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, आणि इंग्रज सरकारची दृष्टि आपल्या प्रदेशाकडे वळली. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. मध्यप्रांत व वऱ्हाड यांकरितां एक कॉटन कमिशनर नेमण्यांत आला. त्याचें नांव हॅरी रिव्हेट-कार्नाक.

या अधिकाऱ्यानें त्या दशकाच्या अखेरीस आपल्या अहवालांत जो हिशेब मांडला, तो प्रत्येक अभ्यासकानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. रेल्वेची शाखा आली कीं विलायती कापड येथील कापडाहून स्वस्त विकतां येईल. मग येथें सुताकडे खर्च होणारी रुई निर्यातीस मोकळी होईल. आणि कातणारे व विणणारे हात शेतीच्या मजुरीस मिळून जंगलाखालची जमीन लागवडीस येईल, अशी आशा त्यानें व्यक्त केली होती. ह्यांत गुप्त कारस्थान कांहींच नव्हतें. सरकारी अहवालांत उघडपणें लिहिलेली ती योजना होती. एखादा प्रदेश ‘कच्च्या मालाचा प्रदेश’ म्हणून जन्मास येत नसतो, तो तसा केला जातो, ह्यास याहून स्पष्ट कागद मिळणें कठीण.

ह्या प्रवाहाच्या उलट जाण्याचा यत्न त्याच नागपुरांत झाला. जमशेटजी टाटा यांनीं १८७४ सालीं कंपनी स्थापिली, आणि १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस गिरणी सुरू झाली. कापूस येथला, भांडवल देशी, यंत्रें मात्र विलायती, असा तो संसार होता. गिरणी चालली आणि भरभराटली. परंतु १८९६ च्या कायद्यानें विलायती कापडावरील जकात साडेतीन टक्के ठेवून हिंदी गिरण्यांच्या कापडावरहि तितकाच साडेतीन टक्के उत्पादनकर बसविण्यांत आला. जकात ही देशानें आपला धंदा राखण्यासाठीं परक्या मालावर बसवावयाची. येथें तिचा तोल साधण्यासाठीं आपल्याच मालावर कर आला. हा कर १९२५ च्या डिसेंबरांत स्थगित व १९२६ सालीं रद्द झाला. गिरणी काढण्याची बुद्धि, पैसा आणि कापूस हीं तिन्ही हातीं असूनहि नियम करण्याचा अधिकार हातीं नसल्यास काय होतें, तें या तीस वर्षांनीं दाखविलें.

कापसाचीच गोष्ट खनिजाची. १९०० च्या सुमारास नागपूर, भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांतून मँगनीज काढण्यास आरंभ झाला. पोलादास अवश्य असलेलें हें खनिज दगडाच्या रूपानें परदेशीं गेलें, कारण तें वितळवून वापरणारे कारखाने तेथें होते. खाणी आमच्या आणि भट्ट्या त्यांच्या, हा जो भेद तेव्हां पडला तो पुसण्यासाठींच पुढें स्वतंत्र भारतास पोलादाच्या कारखान्यांचा अट्टाहास धरावा लागला.

२. स्वातंत्र्याबरोबर आलेल्या तीन अडचणी

पहिली अडचण सीमांची. परकी सत्तेनें रेल्वे, बंदरें, शेतें व गिरण्या यांची मांडणी स्वतःच्या सोयीनें केलेली असते. स्वातंत्र्याच्या वेळीं त्या मांडणीवरून नवी रेघ ओढली गेली म्हणजे एकाच धंद्याचे दोन तुकडे होतात. १९४७ सालीं तागाच्या गिरण्या हुगळीकाठीं भारतांत राहिल्या, तर तागाचीं शेतें बहुतांश पूर्व बंगालांत गेलीं. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांस लागणारा लांब धाग्याचा कापूस बराचसा सिंध व पश्चिम पंजाबांत पिकत होता. पुढें १८ सप्टेंबर १९४९ रोजीं इंग्लंडनें पौंडाचें अवमूल्यन केलें. भारतानेंहि रुपयाचें डॉलरमधील मूल्य सुमारें ३०.५ टक्क्यांनीं उतरविलें. पाकिस्ताननें तसें करण्याचें नाकारलें. झालें, हुंडणावळीच्या दरावरून दोन्ही देशांचा व्यापार जवळजवळ थांबला, तो १९५१ च्या फेब्रुवारींतील करारापर्यंत मार्गावर आला नाहीं. दोन नवीं राष्ट्रें, दोघांसहि एकमेकांच्या मालाची निकड, आणि तरी गिरणी येथें अडलेली व ताग तेथें पडलेला. याच काळांत भारतांत ताग व लांब धाग्याचा कापूस यांची लागवड वाढविण्याचा जो नेटाचा उद्योग झाला, त्याच्या मुळाशीं ही अडचण होती.

दुसरी अडचण परकी चलनाची. युद्धकाळांत भारतानें इंग्लंडच्या वतीनें जो माल व ज्या सेवा दिल्या त्यांचें येणें लंडनमध्यें पौंडांत सांचलें होतें. युद्धाच्या शेवटीं ही स्टर्लिंग शिल्लक सुमारें १३० कोटि पौंड होती. कागदोपत्रीं भारत हा धनको आणि इंग्लंड हा ऋणको होता! परंतु ऋणकोच्या तिजोरींतच ठेव असल्यावर ती केव्हां, किती आणि कोणत्या चलनांत काढावयाची हें ऋणकोच्या संमतीवांचून ठरत नाहीं. त्यासाठीं १९४७ पासून करारावर करार करावे लागले. जी रक्कम हातीं आली तिच्यांतून यंत्रें आणावयाचीं कीं धान्य, हा दुसरा पेंच होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेनें (१९५६) अवजड उद्योगांवर भर दिला. त्यास यंत्रें हवीं होतीं, यंत्रांस डॉलर व पौंड हवे होते, आणि ते मिळवून देणारा आमचा निर्यातीचा माल तोच जुना होता : चहा, ताग, कापड, खनिज. १९५७ सालीं गंगाजळी झपाट्यानें आटली, आणि १९५८ च्या ऑगस्टांत जागतिक बँकेच्या पुढाकारानें धनको देशांस एकत्र बसवून भारतास साहाय्य मागावें लागलें. त्यापूर्वींच १९५६ सालीं अमेरिकेशीं पी. एल. ४८० या कायद्यान्वयें धान्याचा करार झाला होता. १९६५ व १९६६ या लागोपाठच्या अवर्षणांत त्या धान्याच्या आगबोटी केव्हां सुटतील हें वॉशिंग्टनमध्यें महिन्यामहिन्यानें ठरूं लागलें. ६ जून १९६६ रोजीं डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये करण्यांत आला. ज्या राष्ट्रानें एकोणीस वर्षांपूर्वीं स्वातंत्र्य मिळविलें त्याच्या भाकरीचा आणि नाण्याचा निर्णय दूरदेशींच्या संमतीनें व्हावा, ही गोष्ट त्या पिढीच्या मनास किती लागली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

तिसरी आणि सर्वांत खोल अडचण भावाची. राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं १९५० सालीं, स्वतंत्रपणें, एकच निष्कर्ष मांडला : दीर्घकालांत कच्च्या मालाचे भाव पक्क्या मालाच्या मानानें घसरत जातात, म्हणून तेंच यंत्र विकत घेण्यास दर पिढीस अधिक पोतीं विकावीं लागतात. हा सिद्धांत सर्वकाळीं व सर्व जिनसांस सारखाच लागू पडतो कीं नाहीं यावर पंडितांत वाद आहे. परंतु एका पिकावर भिस्त ठेवणाऱ्या राष्ट्राची गत काय होते याविषयीं वाद नाहीं. घानानें कोकोच्या उत्पन्नावर धरणाचे व कारखान्यांचे बेत रचले. १९६५ च्या सुमारास कोकोचा भाव कोसळला, आणि १९६६ सालीं तेथील राज्यच उलथलें. भाव हें त्याचें एकमेव कारण नव्हे, पण लहान कारणहि नव्हे. तेथील व्होल्टा नदीवरील विजेवर अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना निघाला. देशांत बॉक्साइट असतांनाहि त्या कारखान्यास लागणारा अ‍ॅल्युमिना मात्र बाहेरून येत राहिला. आमच्या मँगनीजची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट आहे.

येथें एक शंका संभवते. कच्चा माल विकण्यांत तोटा असेल तर पक्का माल करून विकावा, अडविलें कोणी? उत्तर असें कीं, खरोखरच अडविलें. १९६१ पासून धनाढ्य देशांनीं कापसाच्या कापडावर, आणि १९७४ पासून बहुतेक सर्व वस्त्रांवर, देशवार कोटे ठरवून घेतले. ही व्यवस्था २००४ च्या अखेरीपर्यंत चालली. रुई कितीहि आणा, कापड मात्र इतकेंच, असा तिचा सारांश होता. १८९६ चा साडेतीन टक्के आणि हे कोटे यांत काळाचें अंतर मोठें आहे, पण वळण एकच आहे. रुईच्या बाजारांत तरी न्याय होता काय? माली, चाड, बुर्किना फासो व बेनिन यांनीं २००३ सालीं कॅन्कून येथील परिषदेंत तक्रार मांडली कीं, श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांस अनुदान देतात, त्यामुळें जगाचा भाव पडतो आणि आमचा शेतकरी बुडतो. ब्राझीलनें अमेरिकेविरुद्ध याच प्रश्नावर जागतिक व्यापार संघटनेंत दाद मागितली व २००५ सालीं अपिलांतहि विजय मिळविला. दोघांचा अखेरचा समेट २०१४ सालीं झाला. यवतमाळच्या शेतकऱ्यानें मालीच्या शेतकऱ्यास कधीं पाहिलें नाहीं, पण दोघांचेंहि नुकसान एकाच तागडींत तोललें जातें.

३. योजिलेले उपाय व त्यांचें फळ

सर्व दोष परक्यांवर लोटून मोकळें होणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाहीं. भारतानें परक्या मालास भिंत घातली, आणि तिच्या आडोशास पोलाद, यंत्रें, औषधें, रसायनें यांचे कारखाने उभे राहिले. नागपूरच्या पूर्वेस भिलाई येथें १९५९ सालीं पोलादाची पहिली झोतभट्टी पेटली. मँगनीजच्या खाणी १९६२ सालीं निम्म्याहून अधिक, व १९७७ सालीं पूर्णपणें, सरकारी मालकीच्या झाल्या. त्या कंपनीचें मुख्य ठाणें नागपुरांतच आहे. हे लाभ खरे आहेत. पण आडोसा हा रोपास वाढण्यासाठीं असतो. त्याच्याखालीं जुनें खोड तसेंच ठेवल्यास तें किडतें. देशांतील जुन्या कापडगिरण्यांचें बहुतांशीं असेंच झालें. यंत्रें वेळेवर बदललीं गेलीं नाहींत. विस्तारास परवाने मिळेनात. यंत्रमागाचें कापड स्वस्त पडूं लागलें. कृत्रिम धाग्याचें कापड आलें. एम्प्रेस गिरणीची मूळ कंपनी १९८६ सालीं मोडली, गिरणी राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली, आणि २००२ सालीं ती बंद पडली. परक्या सत्तेच्या उत्पादनकरास जी पुरून उरली ती स्वदेशी राज्यांत टिकली नाहीं, ही गोष्ट आम्हांस खेदानें नमूद करावी लागते.

शेतकऱ्यास भाव मिळावा म्हणून महाराष्ट्र सरकारनें १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदीची योजना चालविली. हेतु उत्तम होता : दलालाच्या हातून भाव काढून शेतकऱ्यास त्याची हमी द्यावी. परंतु जगाच्या भावापासून हमीभाव दूर गेला कीं तोटा सरकारच्या माथीं, आणि भाव चढला कीं कापूस चोरवाटेनें शेजारच्या राज्यांत, असें होऊं लागलें. तीन दशकांनीं ती मक्तेदारी संपली. एका राज्याच्या सीमेंत भाव बांधून ठेवतां येत नाहीं, हा धडा महाग पडला.

आतां याच्या उलट एक उदाहरण पाहूं. बांगलादेशांत कापूस फारच थोडा पिकतो. १९७९ सालीं तेथील एका नव्या वस्त्रकंपनीनें दक्षिण कोरियाच्या कंपनीशीं करार करून सुमारें १३० माणसें शिवणकामाचें व कारखानदारीचें शिक्षण घेण्यास कोरियास पाठविलीं. कोरियाचा कोटा भरलेला होता, बांगलादेशाचा मोकळा होता. ज्या नियमानें इतरांस अडविलें त्यांतूनच वाट निघाली. तीं माणसें परत येऊन त्यांतील कित्येकांनीं पुढें स्वतःचे कारखाने काढले. आज तो देश जगांतील मोठ्या तयार कपडे विकणाऱ्या देशांत मोडतो, आणि भारताकडून रुई व सूत विकत घेतो. म्हणजे निसर्गानें ज्यास कापूस दिला त्यानें तो विकावा, आणि ज्यास दिला नाहीं त्यानें सदरे शिवावे, असा हा पालट आहे. परंतु ह्या यशाचीहि सीमा पाहिली पाहिजे. सदऱ्याचा भाव ढाक्यास ठरत नाहीं. तो परदेशांतील खरेदीदार ठरवितात, आणि त्या भावांत बसविण्यासाठीं जी काटकसर होते ती मजुरांच्या जिवावर होते. २४ एप्रिल २०१३ रोजीं राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसें मेलीं. साखळींत एक पायरी वर चढल्यानें भावाची चावी हातीं येतेच असें नाहीं.

४. निष्कर्ष

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत शुल्काच्या प्रकरणीं असा विवेक सांगितला आहे कीं, राष्ट्रास पीडा करणारा व निष्फळ माल अडवावा, आणि मोठ्या उपकाराचा माल व दुर्मिळ बीज यांस जकात माफ करावी. ह्यांत सरसकट दार लावणें नाहीं, आणि सरसकट उघडणेंहि नाहीं. आपणांस पुढच्या पायरीवर नेणारें काय आणि मागें ओढणारें काय, याची निवड आहे. ही निवड स्वतः करतां येणें हाच आर्थिक स्वातंत्र्याचा अर्थ होय. नवस्वतंत्र राष्ट्रांची खरी अडचण ही कीं, निवड करण्याचा अधिकार त्यांस मिळाला तेव्हां निवडीस लागणारीं साधनें, म्हणजे यंत्रें, परकी चलन, कुशल माणसें, हीं दुसऱ्यांच्या हातीं होतीं. आणि साधनें जमूं लागलीं तेव्हां आपलेच जुने बेत बदलण्याचें धैर्य पुष्कळांस झालें नाहीं.

ही निवड आजहि सोपी झालेली नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत अमेरिकेनें भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांपर्यंत चढविली. त्याच महिन्यांत भारत सरकारनें परदेशी कापसावरील ११ टक्के आयातजकात तात्पुरती उठविली, आणि पुढें ती सवलत त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत वाढविली. गिरण्यांस स्वस्त रुई मिळाल्यावांचून परदेशच्या बाजारांत कापड टिकणार नाहीं, हें खरें. विदर्भांत वेंचणीच्या तोंडावरच परका कापूस मोकळा आला तर भाव पडेल, हेंहि तितकेंच खरें. गिरणी राखावी कीं शेत, हा प्रश्न रिव्हेट-कार्नाकच्या अहवालांत नव्हता. त्यानें दोहोंचेंहि उत्तर लंडनच्या सोयीनें दिलें होतें. आज तो आम्हांस पडतो आणि आम्हांसच सोडवावा लागतो. स्वातंत्र्यानें जर कांहीं दिलें असेल तर हा प्रश्न स्वतःपुढें ठेवण्याचा हक्क दिला.

त्या कोष्ट्याच्या मुलाचें उत्तर आम्हीं तेव्हां बरोबर म्हणून गुण दिले होते. आज पुन्हा वर्गावर जाण्याचा प्रसंग आला, तर आम्ही त्यास एक पुढचा प्रश्न विचारूं : भाव आपण ठरवीत नाहीं हें कळलें, तो ठरविणाऱ्यांत आपला एक आवाज असावा म्हणून कापसाच्या बोंडापासून सदऱ्यापर्यंतच्या वाटेंतील कोणती पायरी आपणांस शिकून घेतां येईल? ह्या प्रश्नाचें उत्तर एका घरास, एका पेठेस किंवा एका राष्ट्रासहि एकट्यानें देतां येणार नाहीं. पण तो विचारावयास आरंभ करण्यास इतवारीसारखें दुसरें ठिकाण आम्हांस दिसत नाहीं.